श्रावणात गाडीला आलेला वास

“माळेची पिशवी भुईवर ठेवू नको, कुसुम. उंच जागा पाह्य, तिथं टांग. अन् दुसऱ्या कोनाचा हात लागू देऊ नको.”

मथुराबाईंना जाऊन बारा वर्षं झाली होती. तरी सासूबाईंचा हा आवाज कुसुमबाईंना रोज पहाटे जपाला बसताना ऐकू यायचा, आणि त्या तो निमूट पाळायच्या. पिशवी म्हणजे गोमुखी. आत हात घालून माळ ओढायची, मणी बाहेर कुणाला दिसायचा नाही. घरात तिच्यासाठी देवघराची खुंटी होती. बसमध्ये खिडकीचा गज असायचा. अडचण आली ती घरी गाडी आल्यावर.

गाडी सुधाकररावांच्या पुतण्याची. तो मुंबईहून दुबईला गेला आणि जाताना तीन वर्षं वापरलेली पांढरी मारुती काकांना देऊन गेला. सुधाकरराव तहसील कचेरीतून पेशकार म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी उभ्या आयुष्यात फायली चालवल्या होत्या, गाडी थोडीशीच. म्हणून सोमवारी, शनिवारी आणि एकादशीला त्यांच्याच वांकिडी गावच्या दौलतला बोलवायचं ठरलं. दौलत एरवी एका ठेकेदाराची जीप चालवायचा. हात हलका, बोलणं कमी, आणि स्पीडब्रेकर आला की आधी सांगायचा, “बाई, धरून बसा.”

मागच्या सीटवर कुसुमबाईंना मळमळायचं, म्हणून त्या पुढे बसू लागल्या आणि सुधाकरराव मागे. पहिल्याच दिवशी समोरच्या फळीला एक बरी जागा पाहून त्यांनी गोमुखी टांगली. दौलतनं काहीतरी करायला तिकडे हात नेला. कुसुमबाईंचं घरापासून मंदिरापर्यंत मौन असायचं. त्यांनी नुसतं “अं हं” केलं आणि तळहात आडवा धरला. दौलतनं हात मागे घेतला. पुन्हा कधी तो तिकडे गेला नाही.

गाडी दोनतीन महिने अशी चालली. पेट्रोल जरा जास्त खायची, पण मुंबईची गाडी, तिला खायची सवय असेल, असं सुधाकरराव म्हणायचे. मग आषाढात ती चढावर दम टाकू लागली. राजुऱ्याला लक्ष्मणराव मिस्त्रींकडे नेली. लक्ष्मणरावांनी गाडीखाली झोपून पाहिलं आणि निदान केलं.

“साहेब, हिच्या पोटाखाली धूर साफ करनारा डबा असते. कन्व्हर्टर म्हन्तात त्याले. तो चोंदला. मुंबईच्या गाड्याईलेच येते हे. नवा मागवा लागंल. अन् पेट्रोल बिनशिशाचंच टाकजा.”

नवा डबा नागपूरहून आला, बसला, आणि गाडी पुन्हा चढावर हसतखेळत चढू लागली. श्रावणाच्या पहिल्या सोमवारी तिघं नदीकाठच्या महादेवाला निघाले.

गाव मागे पडून कापसाची वावरं लागली आणि गाडीत वास आला.

तो कसला वास आहे याबद्दल कुणाला शंका नव्हती. उकडलेलं अंडं डब्यात विसरावं आणि तिसऱ्या दिवशी झाकण उघडावं, तसा. कुसुमबाईंना मौन होतं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि दौलतकडे पाहिलं. दौलतनं आरशातून सुधाकररावांकडे पाहिलं. सुधाकररावांनी खिडकीतून कापसाकडे पाहिलं, आणि मंदिर येईपर्यंत ते कापसाकडेच पाहत राहिले.

अभिषेक झाला, मौन सुटलं. त्यानंतर कुसुमबाईंचं पहिलं वाक्य देवाला नव्हतं.

“दौलत, गाडीत काई सांडलं होतं काय रे?”

“नाई, बाई. मी सकाळीच पुसून घेतली.”

“मंग हा वास?”

“आला खरा,” दौलत म्हणाला. “मलेबी आला.”

सुधाकरराव म्हणाले, “वावरात खत टाकलं असंल कोनं,” आणि विषय बदलण्यासाठी पावसाबद्दल बोलू लागले. त्यांच्या घाईला एक कारण होतं. आदल्या दिवशी, रविवारी, ते एकटेच आसिफाबादला गेले होते. डॉक्टरांनी अशक्तपणावर रोज एक अंडं सांगितलं होतं. ते घरात सांगायची सोय नव्हती. बसस्टँडाजवळ त्यांनी एक उकडलेलं अंडं घेतलं, गाडीत बसून, काचा वर करून खाल्लं आणि टरफलं कागदात गुंडाळून टाकून दिली. श्रावणातला रविवार. एका अंड्याचा वास एवढा टिकतो हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

आठवडाभर वासाचा शोध चालला. पायपुसणी धुऊन वाळत घातली. सीटखाली लिंबं कापून ठेवली. कापूर झाला, धूप झाला. दौलतनं सायलेन्सरच्या सांध्यांना ओलं पोतं गुंडाळून कुठून हवा फुटते का पाहिलं. कुठूनच फुटत नव्हती. बॅटरी जास्त तापली तरी असा वास येतो, असं कुणीतरी सांगितलं. आसिफाबादचा बॅटरीवाला हिंदी आणि तेलुगू मिसळून म्हणाला की बॅटरी बंगारम आहे, बंगारम, म्हणजे सोनं. पेट्रोल काढून दुसरं भरलं. आणि दर वेळी सुधाकरराव एकटे चक्कर मारून आले की हर्षानं सांगायचे, “गेला वास. काईच नाई आता.”

शनिवारी कुसुमबाई मारुतीच्या देवळात जायला गाडीत बसल्या. गाव मागे पडलं. वास आला.

“मी बसली की येते,” त्या घरी आल्यावर म्हणाल्या. “तुमी एकटे गेले की येत नाई. हे कसं?”

शेजारच्या जयवंताबाई तांदूळ निवडायला येऊन बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली. “तुमचं व्रताचं नाक हाय, कुसुमबाई. आमाले गटाराचा वास येत नाई, तुमाले पापाचा येते.”

“पन मिस्त्री म्हन्ते गाडी चांगली. बॅटरीवाला म्हन्ते बॅटरी चांगली.”

“मंग गाडीचा दोष नाई,” जयवंताबाई खडा बाजूला टाकत म्हणाल्या. “दोष गाडीत बसनाऱ्याचा.”

दौलत त्याच वेळी अंगणात गाडी पुसत होता. काम झालं तसा तो ओसरीवर सुधाकररावांजवळ आला आणि हळूच म्हणाला, “साहेब, एक सांगू काय? बाईची ती पिशवी हाय ना, जपाची…”

सुधाकररावांना एवढंच कळलं की बोलणं वासाकडे निघालं आहे, आणि वासाच्या वाटेवर कुठेतरी आसिफाबादचं बसस्टँड आहे.

“दौलत,” ते म्हणाले, “त्या वासाचा विषय तू माह्याजवळ काढू नको. अन् बाईजवळ त काढूच नको.”

“पन साहेब…”

“काढू नको म्हटलं ना.”

दौलत पाण्याची बादली उचलून गेला.

दुसऱ्या सोमवारी वास इतका होता की पुजाऱ्यानं प्रसाद देताना एक पाऊल मागे घेतलं, असं कुसुमबाईंना वाटलं. कदाचित तो सरकून पिंडीकडे वळला असेल. पण त्यांचा जीव कोमेजला. तीस वर्षं श्रावण पाळला, कांदा-लसूण सोडला, आणि देवाच्या दारात अंड्याचा वास घेऊन उभं राहायचं. मंडपात जयवंताबाई होत्या, आळीतल्या रेणुकाबाई होत्या, आणखी चारसहा जणी होत्या. कुसुमबाई बोलल्या ते नेहमीसारखं, अगदी हळू.

“मी कोनाचं नाव घेत नाई. पन गाडीत आमी तिघं. मी खात नाई. हे खात नाईत. आता राह्यलं कोन, तुमीच सांगा.”

कुसुमबाईंचा आवाज मंडपाच्या खांबापर्यंतही गेला नसता. जयवंताबाईंचा गेला. “म्हन्जे दौलत,” त्या म्हणाल्या, “महादेवाच्या वारी गाडीत अंडे खाते,” आणि ते वाक्य पायऱ्या उतरून पिंपळापाशी गेलं. दौलत तिथं नळावर पाय धूत होता.

येताना स्पीडब्रेकर आला तेव्हा तो सवयीनंच म्हणाला, “बाई, धरून बसा.” घरी आल्यावर किल्ली ओट्यावर ठेवली.

“बाई, पुढच्या सोमवारी दुसरा मानूस पाहा.”

कुसुमबाई गोमुखी घेऊन आत गेल्या. सुधाकररावांनी तोंड उघडलं. त्यात बराच वेळ काही आलं नाही, म्हणून मिटलं.

दौलत गेला, तरी मंगळवारी कुसुमबाईंनीच हट्ट धरला. गाडी पुन्हा लक्ष्मणरावांना दाखवायची. त्यांना आतून काहीतरी टोचत होतं. ज्याच्यावर बोललो तो गेला, आता वास गेला पाहिजे. गेला तर आपलं बोलणं खरं. सुधाकरराव स्वतः चालवायला बसले. पायाखाली तीन पट्ट्या आहेत आणि त्यांतली एक थांबवायची आहे, एवढ्या माहितीवर त्यांनी गाडी राजुऱ्यापर्यंत नेली. अडीच तास लागले. वाटेत दोन बैलगाड्या पुढे गेल्या. कुसुमबाई पुढच्या सीटवर गोमुखी टांगून बसल्या होत्या, आणि गाडीत दौलत नसताना, लिंबं आणि कापूर असताना, वास मात्र होता. पहिल्यापेक्षा जास्तच होता.

वांकिडीचा शेवटचा फाटा मागे पडला तेव्हाच त्यांना कळलं होतं. पण कळलेलं त्यांनी राजुऱ्यापर्यंत पदरानं झाकून ठेवलं.

लक्ष्मणरावांनी इंजिन चालूच ठेवायला सांगितलं. मागे जाऊन धूर हुंगला, कपाळाला आठ्या घातल्या. मग कुसुमबाईंच्या खिडकीत वाकले.

“मायबाई, हे पिशवी तुमची काय?”

“जपाची हाय. हात लावू नका.”

“नाई लावत. तुमीच काढा.”

त्यांनी काढली.

“आता ते खुंटी हाय ना, बाहेर आलेली, ते आत ढकला.”

कुसुमबाईंनी एका बोटानं ढकलली. ती सहज आत गेली, आणि इतके महिने धापा टाकणारं इंजिन एकदम शांत झालं.

“ते खुंटी नाई, माय,” लक्ष्मणराव म्हणाले. “ते चोक होय. सकाळी गाडी थंड असली की ओढायचा, गरम झाली की आत ढकलायचा. बाहेर राह्यला की पेट्रोल दुप्पट जाते, अन् अर्धं जळतच नाई. मंग ते कच्चं पेट्रोल या नव्या डब्यात जाऊन सडक्या अंड्यावानी वास मारते.”

“पन मंग आधी काऊन नाई आला?” सुधाकररावांनी विचारलं. एखादी फट सापडेल अशी त्यांना अजून आशा होती.

“आधीचा डबा मरत आल्ता ना, साहेब. मेलेल्या डब्याले वास येत नाई. अन् तो मेला तोबी यानंच मेला असंल.” लक्ष्मणरावांनी हात पुसले. “तुमच्याजवळ तो पोरगा होता ना, दौलत. त्याले कसं दिसलं नाई? चोक बाहेर हाय हे कोनताबी ड्रायव्हर आवाजावरून सांगते.”

कुसुमबाईंना तो पहिला दिवस दिसत होता. पुढे आलेला हात, आणि आपला आडवा तळहात.

परतीच्या वाटेवर गाडीत कसलाच वास नव्हता. ओल्या मातीचा होता तेवढाच. त्यामुळे बोलायला निमित्तही नव्हतं. दहा-बारा किलोमीटर गेल्यावर सुधाकररावांनी गाडी बाजूला घेतली, थांबवणारी पट्टी पहिल्याच खेपेला सापडली, आणि ते समोरच्या काचेकडे पाहत म्हणाले, “कुसुम, त्या रविवारी मी एक अंडं खाल्लं होतं. याच गाडीत. डॉक्टरनं सांगतलं होतं. मले वाटलं त्याचाच वास हाय. दौलत मले सांगाले आला होता, अन् मी त्याले बोलू देल्लं नाई.”

कुसुमबाईंचं त्या दिवशी मौन नव्हतं. तरी घर येईपर्यंत त्यांनी ते पाळलं. घरी येऊन दिवा लावला, जेवायला वाढलं, आणि ताट पुढे सरकवताना म्हणाल्या, “डॉक्टरनं सांगतलं त खा लागत होतं ना सांगून. मी काय तुमाले घराबाहेर काढलं असतं?” मग थोड्या वेळानं, जणू स्वतःशीच, “त्याले त काढलं.”

बुधवारी सकाळी त्या बसस्टँडवर गेल्या. ठेकेदाराची जीप तिथं उभी असायची. दौलत चहा पीत होता. त्यांना पाहून त्यानं ग्लास खाली ठेवला आणि उभा राहिला.

“बस, बस. चहा पी तू,” कुसुमबाई म्हणाल्या. पण तो उभाच राहिला, मग त्याही उभ्याच राहिल्या. “दौलत, ते माह्या पिशवीनं होत होतं. मिस्त्रीनं दाखवलं.”

“मले मालूम होतं, बाई. म्हन्जे वासाचं नाई. पन चोक अडकला हे मालूम होतं.”

“मंग पह्यल्याच दिवशी काऊन नाई सांगतलं?”

“तुमी हात मागं घ्याले लावला. आमच्या आज्यालेबी लोक असाच घ्याले लावत. मी म्हटलं, जाऊ दे. पेट्रोल साहेबाचं जाते.”

हे तो रागानं बोलला नाही. कुसुमबाईंना सांगायचं होतं की सासूबाईंचा नियम सगळ्यांना होता, यांनासुद्धा मी कधी हात लावू दिला नाही. वाक्य तयार होतं, खरंही होतं. पण या पोराला ते त्या दिवशी कळायला हवं होतं, आणि आडव्या तळहातात ते कुठं लिहिलेलं होतं. त्यांनी ते वाक्य गिळलं.

“माह्यं चुकलं, बाबा. सोमवारपासून ये.”

“येईन जी. त्याचं काई नाई. पन एक हाय.” दौलत घुटमळला. “आमच्या घरी आषाढी पौर्णिमेपासून वर्षावास हाय. माय तीन महिने घरात मटन-अंडं येऊ देत नाई. रोज सांजचं ग्रंथ ऐकाले विहारात जाते. तिच्या कानावर गेलं की दौलत श्रावणात महादेवाच्या वाटेवर अंडे खाते. तवापासून माय माह्याशी बोलत नाई. भाकर वाढते, माह्या बायकोलेबी बोलते, मले नाई. म्हन्ते, मले ठकवलं त ठकवलं, व्रताले ठकवलं.”

कुसुमबाई बाकावर बसल्या. तीन महिन्यांचं व्रत काय असतं हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. वांकिडीत आपल्यासारखीच नेम पाळणारी दुसरी बाई आहे, चार आळ्या पलीकडे आहे, आणि आपण तिचं व्रत तिच्याच पोराच्या नावानं मोडून ठेवलं, हे त्यांना त्या बाकावर कळलं.

“मी सांगतो तिले तुह्या मायले,” त्या म्हणाल्या. “उद्याच येतो.”

“उद्या पौर्णिमा. उद्या माय दिवसभर विहारातच राह्यते. साऱ्या बाया राह्यतात. तुमी परवा घरी या ना.”

“मी चार बायांत बोलली होती, दौलत. चार बायांतच सांगा लागंल. विहारात येईन. वचन देतो तुले.”

दौलतनं चहाचा ग्लास उचलला, पुन्हा ठेवला. काहीतरी अजून होतं.

“बाई, मायले कमी ऐकू येते. लई कमी. तुमी असं बोलल्या त तिले नुसते व्हट हालताना दिसतीन. मोठ्यानं बोला लागंल.”

“किती मोठ्यानं?”

“म्हन्जे,” दौलत विचार करून म्हणाला, “वावराच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर हाक मारावी, तसं.”

कुसुमबाईंनी जन्मात कुणाला अशी हाक मारली नव्हती. लग्नात उखाणा घेतानासुद्धा त्यांचा आवाज पाहुण्यांच्या पहिल्या रांगेपुढे गेला नव्हता.

संध्याकाळी सुधाकररावांना देवघरातून विचित्र आवाज ऐकू आला. दारातून पाहिलं तर कुसुमबाई देवापुढे हात जोडून बसल्या होत्या आणि दर थोड्या वेळानं म्हणत होत्या, “रुक्माबाई, तुमच्या दौलतनं अंडं खाल्लं नाई.” पहिल्यांदा देवालाच जेमतेम ऐकू जाईल एवढं. मग ओसरीपर्यंत. मग खोकला आला. पाणी पिऊन त्यांनी पुन्हा सुरुवात केली. सुधाकरराव परत आले आणि पडवीत बसून राहिले. त्यांना वाटत होतं, दोन वाक्यं आपलीही आहेत, आणि ती म्हणायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही.

गुरुवारी पूजा आटोपली. दुपारी ऊन उतरायच्या आधी कुसुमबाईंनी धुतलेलं लुगडं नेसलं, केस सारखे केले आणि चपला घातल्या.

“गाडी काढू काय?” सुधाकररावांनी विचारलं.

“नको. पायीच जातो.”

“थांब मंग, मीबी येतो. चपला कुठं गेल्या माह्या?”

त्या थांबल्या नाहीत. फक्त जरा हळू चालू लागल्या.

जयवंताबाई ओट्यावर बसून वाती वळत होत्या. “या उन्हाच्या कुठं निघाल्या, कुसुमबाई?”

“विहारात. दौलतच्या मायजवळ,” कुसुमबाई म्हणाल्या.

“कुठं म्हन्ता?” जयवंताबाईंनी कानामागे हात धरला.

कुसुमबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. घसा साफ केला आणि पुन्हा सांगितलं, कुठं चाललो, कुणाकडे, आणि कशासाठी. समोरच्या घरातली बाई पोळपाट हातात घेऊन दारात आली. पिठाच्या गिरणीवाल्यानं पट्टा थांबवला. जयवंताबाईंच्या हातातली वात सुटली.

आवाज अजून थोडा कमीच आहे, असं कुसुमबाईंना वाटलं. पदर सारखा करून त्या पुढच्या आळीत वळल्या.